नडगीची मनधरणी

जमिनीपासून सत्तर फुटांवर, खोडात रुतलेल्या दोन लोखंडी काट्यांवर सगळा देह तोलून, हातात गुरगुरणारी करवत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कसली काळजी वाटत असेल? खुर्चीत बसून दुसऱ्याच्या धोक्याचा विचार करणारे आपण सगळे एका सुरात म्हणू, पडण्याची. प्रस्तुत लेखकाची चढाई माळ्यावरची बरणी काढण्यापुरती, तीही कुणी स्टूल धरणार असेल तर. त्यामुळे आमचंही उत्तर तेच. पण अमेरिकेत घरांच्या डोक्यावर झुकलेली अजस्र झाडं शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्याचा धंदा करणारी माणसं दोन घटका एकत्र बसली, की बोलणं पडण्यावर फार वेळ टिकत नाही. करवतीवर टिकत नाही, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावरही टिकत नाही. ते घसरत घसरत नडगीवर येतं. ‘‘हल्ली कुठलं पॅड वापरतोस?’’ असं एकानं विचारायचा अवकाश, बाकीचे पँटी वर करून आपापले डाग दाखवू लागतात. मृत्यूला न घाबरणारी ही माणसं गुडघ्याखालच्या चार बोटं जागेपुढे हात टेकतात, आणि त्या चार बोटांना सोसेल असं पॅड शोधण्यात उभी हयात घालवतात. ते पॅड त्यांना मिळत नाही. ते का मिळत नाही आणि मिळत नसूनही शोध का थांबत नाही, एवढंच इथे तपासायचं आहे.

आधी ही चीज काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती सहसा दिसत नाही. आपले विजेचे खांब बहुतेक सिमेंटचे किंवा लोखंडी. त्यांत काटा रुतवायला गेलं तर काट्याचंच धैर्य खचेल. म्हणून आपला वायरमन शिडी घेऊन येतो, किंवा ‘शिडी घेऊन येतो’ असं सांगून जातो. अमेरिकेत तारांचे खांब प्रामुख्याने लाकडी. त्यांच्यावर आणि झाडांवर चढायला पायाला जे लोखंड बांधतात त्याला तिकडे स्पर म्हणतात. घोडेस्वाराच्या टाचेला असते तसली ही छोटी चक्री नव्हे. बुटाच्या तळव्याखालून, टाचेच्या अलीकडून, एक रिकीब जाते. तिच्यातून पायाच्या आतल्या अंगाने एक दांडा थेट गुडघ्याच्या खालपर्यंत चढतो. घोट्यापाशी आतल्या बाजूला खाली तोंड केलेला अणकुचीदार काटा असतो. खांबासाठी तो साधारण दीड इंचाचा, झाडाला जाड साल असते म्हणून झाडासाठी जवळजवळ पावणेतीन इंचांचा. एक पट्टा घोट्याला, एक गुडघ्याखाली. आणि त्या वरच्या पट्ट्याशी, लोखंडाचा दांडा आणि माणसाचा पाय जिथे समोरासमोर येतात तिथे, मध्यस्थी करायला एक पॅड. मध्यस्थाचं जे होतं तेच त्याचं होतं. दोन्हीकडून दाब आणि दोन्हीकडून शिव्या.

आता या दाबाचा हिशेब. शाळेत तरफ शिकवतात तेव्हा हे प्रकरण आयुष्यात कधी कामाला येईल असं कुणालाच वाटत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. पण स्पर ही चक्क तरफ आहे. माणसाचं वजन रिकिबीच्या मध्यावर खाली येतं. त्याला पेलणारा काटा मात्र रिकिबीच्या खाली नसून आतल्या बाजूला सरकलेला. वजन एकीकडे आणि आधार दुसरीकडे, म्हणजे अख्खं लोखंड फिरू पाहणार, आणि त्याचा वरचा शेंडा जाऊन टेकणार तो थेट पायावर. ऐंशी किलोचा माणूस एका पायावर उभा आहे, काट्याचं अंतर पाच सेंटिमीटर आणि दांडा चाळीस सेंटिमीटर धरला, तर ढोबळ हिशेबाने दहा किलोचा दाब वरच्या टोकाला कायमचा. दहा किलो म्हणजे फार नाही, मांडीवर घेतले तर लक्षातही राहणार नाहीत. पण ते येतात कुठे? नडगीच्या आतल्या अंगाला. मानवी देहाच्या रचनाकाराने पोटरीचं सगळं मांस मागे दिलं, बाहेरच्या बाजूलाही थोडं दिलं, आणि आतल्या-पुढच्या बाजूला पोचेपर्यंत सामान संपलं. तिथे कातडीखाली लगेच हाड, आणि हाडावरच्या पातळ पडद्यात वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची दाटी. अंधारात पलंगाचा कोपरा ज्यांना भेटला आहे त्यांना हे शरीरशास्त्र वेगळं शिकवायला नको. म्हणजे पलंगाच्या कोपऱ्याने क्षणभर जे करावं, तेच स्परने सकाळी आठ ते दुपारी चार करायचं, आणि त्यासाठी माणसाने स्वतः पट्टा आवळून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

माझं म्हणणं असं, की या व्यवस्थेत पॅड दुखणं घालवत नाही. ते फक्त दुखण्याची बदली करतं. नडगीवरून पोटरीत, पोटरीतून घोट्याला, घोट्यावरून तळव्याच्या कमानीत. आणि बदली झाली की काही दिवस नवं ठिकाण बरं वाटतं, तेवढ्या काळाला तिकडची माणसं ‘सापडलं बुवा एकदाचं चांगलं पॅड’ असं म्हणतात. पॅडांचा इतिहास पाहिला तर या बदल्यांची यादीच हाताला लागते. सुरुवातीला नुसता चामड्याचा पट्टा; दाब पट्ट्याच्या कडेवर, कड नडगीवर. मग पट्ट्याखाली नमद्याची चामडं लावलेली गादी. नमदा मऊ खरा, पण घाम पितो; प्यायलेला घाम वाळतो, मिठाने चामडं कडक होतं, आणि महिनाभरात गादीची फळी होते. मग आतून मेंढीची लोकर. ती पहिल्या आठवड्यात स्वर्ग आणि नंतर गुठळ्या. मग धातूची पट्टी पोटात घातलेलं, पायाला अर्धा वेढा देणारं रुंद पॅड. दाब पसरला, पण आता ते गुडघा वाकवताना वरून टोचू लागलं. मग फोम, वेल्क्रो, सगळ्या पोटरीला मिठी मारणारी प्लॅस्टिकची नळी. पाय खूश, पण उन्हाळ्यात आत खिचडी शिजते, आणि वेल्क्रोत लाकडाचा भुसा भरला की ते ऐन झाडावर चर्रर करून सुटतं. दांडेही पोलादाचे होते ते ॲल्युमिनियमचे झाले, टायटॅनियमचे झाले, कार्बन फायबरचे झाले. जोडीमागे दोन-अडीच किलोचं ओझं हलकं झालं, किंमत तेवढीच जड झाली. हाडाच्या जागी मात्र अजून कुणी मांस बसवलेलं नाही.

या क्षेत्रात आद्य संधी हुकली ती १८५७ साली, असं मला कधी कधी वाटतं. त्या वर्षी शिकागोत माथियास क्लाइन नावाच्या लोहाराकडे तारायंत्राचा एक लाइनमन अर्धी मोडलेली पकड घेऊन आला, क्लाइनने मोडलेली बाजू नवी घडवून दिली, पुढे उरलेली बाजूही मोडली तेव्हा तीही दिली, आणि त्यातून एक प्रसिद्ध अवजार कंपनी उभी राहिली, अशी कथा ती कंपनी सांगते. पुढे याच मंडळींनी खांब चढायचे काटे आणि पट्टेही विकले. तो लाइनमन त्या दिवशी पकडीऐवजी नडगी पुढे करून उभा राहिला असता, तर आज जगाचा इतिहास निदान गुडघ्याखाली तरी वेगळा असता. पण माणूस हाताचं दुखणं लगेच दुरुस्तीला नेतो आणि पायाचं अंगावर काढतो.

पॅड बदलून फरक पडत नाही म्हटल्यावर सल्ला देणारे पुढे येतात, आणि सल्ल्यांचं एक वैशिष्ट्य असं की ते नेहमी पॅडापासून सुरू होऊन माणसावर येतात. ‘‘पॅड टोचतंय.’’ ‘‘पट्टा सैल असेल.’’ आवळला. ‘‘आता पाय बधिर होतोय.’’ ‘‘मग फार आवळलास.’’ सैल केला. ‘‘आता दांडा फिरतोय, काटा निसटतोय.’’ ‘‘दांड्याची उंची चुकली असेल.’’ उंची वाढवली; तरफेच्या नियमाने दाब खरोखर कमी झाला, पण वरचं टोक गुडघ्याच्या हाडाला ठोसे देऊ लागलं. उंची कमी केली, गुडघा सुटला, नडगी पेटली. ‘‘तू गुडघे आत घेतोस का चढताना?’’ आता हा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे, कारण गुडघे खोडाकडे मिटले की काटा सालीतून सुटू पाहतो, आणि गुडघे बाहेर ठेवून, अंग मागे रेलून उभं राहावं हेच नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात. पण सत्तर फुटांवर अंग मागे रेलायला सांगणं सोपं, रेलणं अवघड. भीती वाटली की माणूस झाडाला मिठी मारतो, आणि मिठी मारली की काटा सुटतो. शेवटी सल्लागार चष्म्यावरून बघत म्हणतो, ‘‘वजन जरा कमी कर.’’ हे उत्तर बरोबर आहे, म्हणूनच ते कुणाला आवडत नाही. पाच किलो उतरवण्यापेक्षा पाचवं पॅड मागवणं कधीही सोयीचं. नडगीच्या दुखण्यात दांडा, काटा, बूट, पट्टा, चढण्याची ढब आणि पोटाचा घेर असे सहा आरोपी असताना पॅडालाच पकडून नेलं जातं, कारण त्या सगळ्यांत तेच स्वस्त आणि तेच बदलता येण्यासारखं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग जाड आणि मऊ पॅड का करत नाहीत? इथे सामान्य ज्ञान तोंडघशी पडतं. पॅड जितकं जाड, तितका दांडा पायापासून लांब. दांडा लांब गेला की सगळं लोखंड पायावर डुलू लागतं, आणि काटा नेमका कुठे रुतला याचा अंदाज जातो. जितकं मऊ, तितकं ते दाबाच्या जागी चपटं होऊन बाजूला पळतं, म्हणजे जिथे हवं तिथून मऊपणा नाहीसा आणि जिथे नको तिथे गोळा. म्हणून अनुभवी माणसं जे पॅड शेवटी पत्करतात ते बाहेरून कडक, रुंद आणि आतून जेमतेम बोटभर मऊ असतं. ते दुकानात हातात घेऊन दाबलं तर कुणीही परत ठेवील. कडक ते सुखाचं आणि मऊ ते दुःखाचं, हे गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला पटवणं कुठल्याही विक्रेत्याला जमलेलं नाही, आणि सगळी खरेदी अंगठ्यानेच दाबून होते. चामड्याच्या पॅडांचा तर न्यायच निराळा. नव्या कोल्हापुरी चपलेसारखी ती आधी चावतात. तेल पाजा, भिजवा, वापरा, मग पायाचा आकार घेतील असं सांगतात. घेतातही. पण चपलेला एकदा आकार आला की ती दोन-चार वर्षं सुखाने चालते. पॅडाला पायाचा आकार येतो तेव्हाच ते झिजून कागद झालेलं असतं. ज्या महिन्यात ते खरोखर आरामाचं होतं त्याच महिन्यात ते टाकून द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप पुराव्यासकट येतो. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावी १९६० सालापासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. तिथे साठ आणि नव्वद फुटी देवदारी खांबांवर काट्यांनी चढून उतरण्याची शर्यत असते, आणि नव्वद फुटांचा पट्टीचा गडी वर जाऊन खाली येतो तो अर्ध्या मिनिटाच्या आत. तिकडे कॅन्ससमध्ये १९८४ पासून लाइनमन लोकांचा मेळा भरतो. तिथे खांबावर चढून, तोंडात कच्चं अंडं धरून, ते न फोडता खाली उतरायचं असतं. आता, असं विचारतात, की ही माणसं कधी नडगीबद्दल कुरकुरताना दिसतात का? दिसत नाहीत. पण ज्याच्या तोंडात कच्चं अंडं आहे तो कुरकुरणार कसा? आणि अर्ध्या मिनिटाचं म्हणाल, तर मुख्य मुद्दा तिथेच आहे. काटा चढताना दुखवत नाही, उभं राहताना दुखवतो. चढताना दर पावलाला एक पाय मोकळा होतो. फांदीच्या बुंध्याशी करवत चालवणारा माणूस मात्र एकाच कोनात, एकाच पायावर, दहा-दहा मिनिटं खिळलेला. शर्यतवीर हा पॅडाबाबतचा साक्षीदारच होऊ शकत नाही. पन्नास मीटर पळणाऱ्याला बूट चावतो का हे विचारून पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला निघालेल्याने बूट घेऊ नये, इतकं तरी सर्वांना मान्य व्हावं.

तिसरा आक्षेप म्हाताऱ्यांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वायव्य अमेरिकेच्या जंगलांत ओंडके ओढायला एखादं उंच डग्लस फर निवडून त्याचाच मनोरा करत. एक गडी काटे बांधून, फांद्या छाटत छाटत दीडशे-दोनशे फुटांवर जाई आणि तिथे शेंडा उडवी. शेंडा पडताना उरलेलं खोड झोके घेई, आणि हा त्याला धरून त्याच्याबरोबर झोके घेई. ‘‘त्यांना कुठे होती तुमची फोमची पॅडं?’’ असं हे आजोबा विचारतात, आणि त्या आवाजातला अभिमान असा असतो की झोके त्यांनी स्वतः घेतले होते. यावर दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे, ते गडी उंच, जाड चामड्याचे बूट घालत; नडगी आणि दांडा यांच्यामध्ये बुटाची भिंत असे. आज आखूड बूट आणि महाग पॅड घेणारा माणूस भिंत पाडून पडदा लावतो. दुसरं, त्यांना दुखत नसे असं कुणी म्हटलंय? त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच. जुन्या पिढीला न झालेल्या त्रासांची यादी आपल्याकडेही मोठी आहे. त्यांना ऊन लागत नसे, भूक लागत नसे, बाकावर कंबर दुखत नसे. या सगळ्या गोष्टी नातवंडं जन्मल्यावर नाहीशा झाल्या.

पाय दुखतो म्हणून पायाला मऊ करण्यात अर्थ नाही हे ओळखून एकदा खांबालाच मऊ करण्यात आलं होतं, आणि हा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत समंजस प्रसंग वाटतो. लाकडी खांब कुजू नयेत म्हणून त्यांना पूर्वी क्रिओसोट पाजत. ते तेलकट, त्यामुळे काटा आत सहज जाई. मग तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण आलं. खांब कोरडे, हिरवट आणि स्वच्छ झाले, पण इतके कठीण की काटा मारला तर उसळून परत येई. लाइनमन लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा रसायनवाल्यांनी त्या खांबांत तेलाचं दूध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल मुरवून ते चढण्याजोगे नरम केले. हे पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे ज्याचं धाकटं-थोरलं भावंड डॉक्टर बद्धकोष्ठाला पाण्यातून देतात ते. माणसाचा कोठा आणि विजेचा खांब यांच्यावर एकाच घराण्याचं औषध लागू पडावं, यात विज्ञानाची नम्रता दिसते. पण नीट पाहा, इथेही खांब नरम झाल्याने काटा आत जायला जोर कमी लागला; आत गेल्यावर उभं राहायचं ते त्याच नडगीच्या जिवावर. त्रासाची एक शाखा बंद झाली, मुख्य कचेरी चालू राहिली.

आता आपल्या बाजूचा आक्षेप, जो कुठल्याही चर्चेत कुणीतरी छाती फुगवून आणतोच: ‘‘आमच्या कोकणात, गोव्यात माणसं बिनपॅडाची माडावर चढतात!’’ चढतात, आणि बघताना आपलाच श्वास अडकतो. गोव्यातला पाडेली पायांत दोरीचा वेढा घालून, कमरेला कोयता अडकवून ज्या सहजतेने वर जातो, त्या सहजतेने आपण रिक्षात चढत नाही. पण त्याच्या नडगीवर लोखंड नाही. भार तळव्यांवर, हातांवर आणि छातीवर येतो, आणि तिथे घट्टे पडतात. म्हणजे निसर्गाने पॅड दिलंच, फक्त ते दुकानातून न आणता कातडीतून काढलं. शिवाय माडाला फांद्या नाहीत, बुंधा सारखा, काम काही मिनिटांचं. तिथे करवत धरून तासभर उभं राहायचं नसतं. ज्या माडांना चढायला खाचा पाडतात, त्या खाचा माड शेवटपर्यंत बाळगतो, कारण जखम झाकून घेणारी नवी वाढ माडाच्या खोडाला करताच येत नाही. आणि बिनपॅडाची परंपरा इतकी सुखाची असती, तर चढणाऱ्यांची मुलं त्याच दोरीला लागली असती. ती लागेनात, म्हणून तर कोचीच्या नारळ विकास मंडळाला २०११ साली तरुणांना माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू करावं लागलं, तेही यंत्रासकट. हे यंत्र मुळात केरळच्या चेंबेरी गावचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांच्या डोक्यातून निघालेलं. खोडाभोवती तारेचा फास असलेल्या दोन चौकटी, त्यांवर पाय ठेवून जिना चढल्यासारखं आलटून पालटून वर सरकायचं. नडगीला त्रास शून्य. माणूस आरामात. फक्त एका माडावरून उतरल्यावर ते लोखंड सोडायचं, उचलायचं, पुढच्या माडाला बांधायचं. तेवढ्यात शेजारच्या वाडीतला दोरीवाला तिसऱ्या माडावरून खाली बघत विचारतो, ‘‘मशीन बिघडलं काय?’’ दुखणं इथे पायातून निघून थेट अभिमानात गेलं.

या सगळ्या भानगडीत ज्याला खरोखर भोसकलं जातं त्याचं नाव कुणी घेत नाही. दर पावलाला झाडाच्या सालीतून काटा आत जातो, सालीखालच्या जिवंत थराला भोक पडतं. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही. ते तिच्याभोवती आतल्या आत भिंती बांधून तिला कोंडून टाकतं आणि पुढे वाढतं. म्हणून तिकडच्या मानकांनी नियम केला: जे झाड जगवायचं आहे, त्याची छाटणी करताना काटे वापरायचे नाहीत, काही अडचणीचे अपवाद सोडून. काटे फक्त पाडायच्या झाडाला. नियम चांगला आहे, पण त्याचा एक विनोदी परिणाम असा की ज्या झाडाला आता कशाचंच काही वाटण्याची गरज नाही, तिथेच माणसाला सर्वांत जास्त वाटत राहतं. आणि जगणाऱ्या झाडावर दोराने लोंबकळत, खोगिरासारख्या पट्ट्यात बसून चढायचं. पायांत काटे नाहीत, नडगी मोकळी. तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणणारच, की मग पाडायच्या झाडावरही काट्यांबरोबर दोर का लावत नाही? लावतात. जाणते लोक तेच करतात. वर एक दोर टाकायचा, कमरेच्या खोगिराला अडकवायचा, आणि करवत चालवताना त्यात बसायचं. वजन पायांवरून कमरेवर येतं, तरफ ढिली पडते, दहा किलोचे दोन किलो होतात. हा उपाय इतका परिणामकारक आहे, की नडगीचं पॅड तेव्हा साधं चामड्याचं असलं तरी चालतं. इतकी वर्षं शोधलेली सुखद गोष्ट पॅड नव्हतीच, बसायला मिळणं होती.

पण खोगिरात पाऊण तास बसलं, की मांड्यांच्या मुळाशी, जिथून खोगिराचे दोन पट्टे जातात तिथे, एक नवी आच सुरू होते, आणि खाली दोर धरून उभा असलेला सहकारी वर तोंड करून ओरडतो, ‘‘काय झालं?’’ वरून उत्तर येतं, ‘‘मांड्या कापतायत रे. या खोगिराला लावायचं जाड पॅड मिळतं ना?’’ खालचा म्हणतो, ‘‘तीन प्रकारची मिळतात. मी तिन्ही घेतली आहेत.’’ ‘‘कुठलं चांगलं?’’ ‘‘चौथं मागवलंय, बघू.’’